शुक्रवारचा लाल दिवा

२७ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी २.
राउटरचा दिवा लाल. कंपनीचा दवरोन मला मावशी मानून खाला म्हणतो. फोनवर म्हणाला, खाला, लाल झाला की तारीख, वेळ लिहून ठेवा, मग बघू. म्हणून नातीची अर्धी उरलेली वही घेतली. मी चार यत्ता शिकलेय. दिवा लिहायला तेवढ्या पुरतात.
रशियात कामाला गेलेल्या माझ्या मुलाचा, इल्होमचा, कझानहून शुक्रवारी दोनला फोन यायचा, तोंड दिसतं तसला. ऑगस्टपासून येत नाही. मुलगा चांगला आहे. राउटर चांगला नाही.

२८ ऑक्टोबर.
हिरवा. आज हिरवा होऊन काय उपयोग? इतर दिवशी इल्होमला काम असतं.

३ नोव्हेंबर, शुक्रवार. २ वाजून ५.
लाल. धुतलेला रुमाल डोक्याला बांधून बसले होते. वाट बघत नव्हते, दिवा बघत होते. सून नफोसत म्हणाली, आई, नेट गेलं वाटतं, चहा करू? मी म्हणाले, चहानं नेट येतं का? तरी केलाच.

६ नोव्हेंबर.
आता मीच दुरुस्त करणार. बंद केला, दहा मोजले, चालू केला. मला वाटतं, त्याला थंडी बाधते. जुनी गोधडी पांघरली. धुरीही दिली. शेजारची तुर्सुनॉय फार टक लावून बघते त्याच्याकडे.

७ नोव्हेंबर.
गोधडीला करपल्याचा वास. काढली.

१० नोव्हेंबर, शुक्रवार. १ वाजून ५०.
लाल. मेल्याला आज दहा मिनिटं आधीच मरण आलं.

१४ नोव्हेंबर.
दवरोन आला, चिखलाच्या बुटांसकट. नवा राउटर बसवला. म्हणाला, उंचावर टांगा, त्या खिळ्याला. त्या खिळ्याला कापडात नान आहे. इल्होम निघाला तेव्हा त्याचा एक घास चावून गेला. उरलेला परत येऊन खायचा असतो. तीन वर्षं झाली, दगड झालाय. मी म्हणाले, खिळा रिकामा नाही. दवरोननं राउटर खालीच ठेवला. त्याच्याही घरी असा खिळा असणार.
जाताना वही वाचली. म्हणाला, खाला, यंत्राला वार कळत नाही, हे शुक्रवारचंच कसं बिघडतं? मी म्हणाले, तू वायरी बघ, वार मी बघते.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार. पावणेदोन.
तुर्सुनॉयकडे जाते म्हणून निघाले आणि फाटकातूनच परतले. नफोसत राउटरमागे वाकलेली. हातात पिवळी वायर.
काय करतेस, विचारलं. म्हणाली, पुसतेय. मग होती तिथंच खाली बसली. कापूस वेचायच्या आधी, ऑगस्टात, त्यानं तिला फोनवर तीनदा तलाक म्हटलं. तिकडे दुसरी केलीय. म्हणाला, आईला तूच सांग, माझ्याच्यानं होणार नाही. नफोसत म्हणाली, आई, तुम्ही रुमाल धुऊन बसायचात, मला सांगवेना. मग म्हटलं, यंत्राला तरी शिव्या खाऊ देत.
मी म्हणाले, आधी बोलली असतीस तर तीन महिन्यांचा साबण वाचला असता.
वायर मी परत लावली, तोवर अडीच वाजून गेले होते.

१९ नोव्हेंबर.
नफोसतचा भाऊ तिला न्यायला आला. त्याला वाडगाभर गरम शुर्पा वाढला, मांसाचे मोठे तुकडे घालून. मग सांगितलं, या घरातून ज्याला जायचं होतं तो गेलाय. तू एकटाच परत जा.

२२ नोव्हेंबर.
एक गोष्ट ध्यानात आली. दर शुक्रवारी नफोसत वायर काढायची. मग त्यानं फोन केलाही असेल. लागला नसेल. नफोसतला तसं बोलले. ती भांडी घासत राहिली. येत्या शुक्रवारी वायरीला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं.
रुमाल धुतला.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार.
२ वाजता हिरवा.
अडीचला हिरवा.
३ वाजता हिरवा. सगळे दिवे हिरवे. असा चांगला तो कधीच चालला नव्हता.
नान उतरवला. पाण्यात घातला, मऊ व्हायला संध्याकाळ झाली. अन्न आहे, टाकवत नाही. कोंबड्यांना घातला.
खिळा मोकळा झाला. त्याला राउटर टांगला. दवरोनचं खरं होतं, उंचावर बरा चालतो. नात म्हणाली, आजी, आता कार्टून अजिबात अडकत नाही.