एकाच पोत्यातलं

९ जून
नवे उंदीर आले. बारा नर, बारा माद्या. प्रत्येकाला वेगळा पिंजरा, खाद्य मात्र सगळ्यांना एकाच पोत्यातलं — चरबी घातलेलं, बोटांना तेलकट लागतं. सकाळी तोलून घालायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं तोलायचं. भुशात सांडलेला चुराही चाळून वजा करायचा, नाहीतर सांडलेलंही पोटात गेलं असं धरलं जातं.
हे गेल्यानंतर कामावर परत आले त्याला आज महिना झाला. प्रयोगशाळेत कुणी काही विचारत नाही. बरं आहे.

१० जून
घरी आल्यावरही हाताचा वास जात नाही.

२३ जून
नर फुगायला लागले! पिंजरे धुणारे मामा म्हणाले, "जावई बघा आमचे, बसल्या बसल्या हादडतायत." माद्या थोडं खातात आणि कोपऱ्यात निजतात. मीही हसले. मग तराजूपाशी एकदम थांबले.
खाद्य तर एकच आहे.

२४ जून
हे गेले त्या आठवड्यात यांची मोठी बहीण सगळ्यांसमोर म्हणाली, "तू खायला घालून घालून मारलंस माझ्या भावाला." मी उलट बोलणाऱ्यातली नाही. त्या दिवशी बोलले. "एकाच भांड्यातलं जेवलो आम्ही दोघं, ताई. मग मला कसं काही झालं नाही?"
 त्या एका वाक्याच्या आधारावर मी चार महिने काढलेत.

७ जुलै
प्रयोग चालवणाऱ्या मॅडमना विचारलं, माद्यांना भूक कमी असते का? म्हणाल्या, "भुकेचं नाही, पुरे झाल्याच्या निरोपाचं आहे. तो पोटाकडून मेंदूला जातो. असल्या खाद्यावर नरांमध्ये तो लवकर बोथट होतो. माद्यांमध्ये टिकतो, निदान तरुण असेपर्यंत." मग माझ्याकडे बघून — "माणसांचं इतकं सरळ नसतं हं."
नसेल. पण हे जेवताना ताट हातात धरून विचारायचे, "अगं, माझं झालं का?" दर जेवणाला हाच विनोद, बावीस वर्षं. आणि मी पळी उचलायचे. "छे, कुठे झालंय! एवढं संपवा. अजून थोडं घ्या."
त्यांना खरंच कळत नसेल तर? खरंच मला विचारत असतील तर?

८ जुलै
स्वयंपाकघरात पाठीमागे ताट सरकल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं नाही. जेवलेही नाही.

१५ जुलै
सात नंबरचा नर तोलायला उचलला तर तळहातावर बसूनच राहिला. गरम, जड. सुटायची धडपडसुद्धा नाही. शेवटी शेवटी हे जिना चढताना दर चार पायऱ्यांनी थांबायचे. मी वरून हाक मारायचे — "चला ना, वाढलंय! गार होतंय!"
आकडा चुकीचा लिहिला. खोडून परत लिहिला.

१६ जुलै
नणंदेकडे जायचं. माझं ते वाक्य परत घ्यायचं. तुम्ही म्हणालात तेच खरं, असं तोंडावर सांगायचं. ती चारचौघांत सांगत सुटेल. सुटू दे. 

२० जुलै
गेले. दारातच सांगून टाकलं. वाटलं होतं, तोंडसुख घेईल. ती मटकन खाली बसली.
"डॉक्टरांनी त्याला दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं, जेवण निम्म्यावर आण म्हणून. मला ठाऊक होतं. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली त्याने."
"का, ताई?"

"म्हणाला, एरवी ती गप्पच असते गं. वाढतानाच काय ती बोलते माझ्याशी."