दुसऱ्या खोलीचा टीव्ही

१० नोव्हेंबर, रविवार. सौंसर
सुमेध आणि सूनबाई अर्चना नागपूरहून सकाळी आले, चार वाजता परतही गेले. प्रमिलाला जाऊन दोन महिने झाले, तेव्हापासून दर वेळी असेच. निघताना सुमेध म्हणाला, "आई गेली, आता एकटे काय करून राहिले इथं, बाबा? आमच्याकडं चला." मी "पाहू" म्हणालो. म्हणजे नाही. त्याला समजले असावे.

मुले मुक्कामाला का थांबत नाहीत, याचे कारण सापडले. हॉलमध्ये पंचावन्न इंची टीव्ही आहे, पण दुसऱ्या खोलीत काहीच नाही. अर्चनाची साडेआठची सिरियल बुडते. उपाय: दुसऱ्या खोलीत टीव्ही. लहान, पण उत्तम प्रतीचा. मुले थांबू लागतील, नागपूरचा विषय आपोआप संपेल.

१२ नोव्हेंबर
प्रभाकरच्या दुकानात गेलो. बत्तीस इंची ओएलईडी मागितला. त्यात काळा रंग खरोखर काळा दिसतो, असे पेपरात वाचले होते. प्रभाकर म्हणाला, "काका, लहान पाहिजे अन् भारीही पाहिजे, असा टीव्ही नाही मिळत. लहान म्हणजे सस्ता. भारी बेचाळीसपासून सुरू, तोही नागपूरहून मागवा लागते." मग त्याने साधा बत्तीस लावून दाखवला. काळा रंग राखाडी होता. तसे सांगितले. "बेडरूममध्ये काळा कोण पाहून राहिलं, काका?"

बेचाळीसची किंमत लिहून घेतली.

१३ नोव्हेंबर
बेचाळीस. ठरले.

प्रमिलाच्या शिवणाच्या डब्यातून टेप काढला. टोक फाटलेले आहे, पण आकडे ठळक आहेत. पलंगावर बसलो. शेजारच्या पुष्पाबाईंनी खालचे टोक जमिनीला धरले. म्हणाल्या, "मनोहरभाऊ, पोरगा तिकडं न्यायला बसला, अन् तुम्ही इथं टीव्ही लावून राहिले?" मी म्हणालो, टेप सरळ धरा.

डोळ्यांची उंची अठ्ठेचाळीस इंच. टीव्हीचा मध्य तिथेच यावा, नाहीतर मान दुखते. कागदावर लिहून सुमेधला फोटो पाठवला.

१७ नोव्हेंबर, रविवार
आले नाहीत. फोन आला. सुमेधने टीव्हीत फारच लक्ष घातले आहे. विचारतो, "बाबा, तुम्ही बसून पाहता का लेटून?" स्वतःसाठीच विचारत असणार, आमची उंची सारखी आहे. मग म्हणाला, "खिडकी कोणत्या बाजूला बरी?" म्हटले, खिडकी आहे तिथेच आहे. नंतर म्हणाला, टीव्ही मीच घेतो.

मुक्कामाची तयारी आहे, हे उघड आहे.

१ डिसेंबर, रविवार
टीव्ही आणला नाही. उत्तम नावाचा माणूस आणला. सुमेध म्हणाला, "घर पाहून घेऊ द्या त्यांना." वायरमन असणार. प्लगपॉइंट मोजले. मग स्वयंपाकघर पाहिले, नळ किती वाजता येतात विचारले. चौकस माणूस. मी अठ्ठावीस वर्षे नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात काढली, त्यामुळे सविस्तर सांगितले. बोरगावच्या कंपनीची गाडी इथून मिळते का, हेही त्याने विचारले. वायरमनला कंपनीच्या गाडीचे काय काम, कळले नाही.

चारला गेले. टीव्ही नाही म्हणून.

८ डिसेंबर
पुष्पाबाई म्हणाल्या, "भाऊ, तो उत्तम किरायदार आहे. एक जानेवारीपासून येऊन राहिला इथं. तुम्हाला माहीत नाही?"

माहीत आहे, म्हणालो.

आता पुरे. सुमेध आला की स्पष्ट सांगायचे: मी येणार नाही, इथेच राहणार. वाक्य कागदावर लिहिले. तीनदा मोठ्याने वाचले. बरे वाटले.

१५ डिसेंबर, रविवार
कागद खिशात होता. चहा झाल्यावर काढणार होतो. त्याआधीच अर्चनाने मोबाईलवर फोटो दाखवला. नवी भिंत, त्यावर टीव्ही. बेचाळीस. खिडकी डावीकडे. "तुमची खोली, बाबा. तुम्ही पाठवलेल्या मापानंच लावला जी. पलंग तेवढा इथला नेऊ, तुम्हाला सवय आहे."

सुमेध खाली पाहत म्हणाला, "तुम्ही फोन नाही उचलला, तर मला झोप लागत नाही, बाबा. आईच्या वेळेसही फोन वाजतच राहिला होता."

मी म्हणालो, काळा रंग चांगला दिसतो.

टीव्ही बंद होता.

६ जानेवारी, सोमवार. नागपूर. दुपारी अडीच
दोघे ऑफिसात. सहाला येतात.

चित्र उत्तम. मान दुखते. टीव्ही जरा वर आहे. लावणाऱ्याची चूक असणार, म्हणून प्रमिलाचा टेप काढला. आज पहिल्यांदा नीट पाहिला. तीनपासून सुरू होतो. पहिले तीन इंच फाटून गेलेले आहेत. ती मनातल्या मनात तीन वजा करायची. तिचा ब्लाऊज कधी कोणाला सैल झाला नाही.

सकाळी सुमेधने विचारले होते, "बरोबर लागला ना, बाबा?" बरोबर, म्हणालो.

गोधडीची घडी करून तिच्यावर बसलो आहे. आता डोळे मधोमध येतात. पाय जमिनीला टेकत नाहीत.