इथल्या टेकडीवरची चकोत्री

किलवणी, १२ डिसेंबर १९८९

नाना,
तुम्हाला आणि आईला धाकट्या हिरामणचा नमस्कार. मी खुशाल आहे, कंपनीत कायम झालो. आईचा गुडघा कसा आहे?

इथून पुढचं मनातल्या मनात वाचा, आईला ऐकवू नका.

सकाळच्या पाळीला मी टेकडीवरच्या पायवाटेनं जातो. काल झुडपात तितरासारखं एक पाखरू सारखं ओरडत होतं. आपल्या सातपुड्यात तितर बोलतोय तोवर वाट मोकळी, तो गप्प झाला की जागीच थांबायचं, हे तुम्हीच शिकवलं. म्हणून मी बिडी पेटवून बिनघोर पुढे गेलो. वळणावर, दहा पावलांवर बिबट्या बसला होता. माझ्याकडे बघत राहिला, मग उठून नाल्यात उतरला.

माझ्यासोबत काम करणारा सुकदेव इथलाच आहे. तो म्हणाला, "अरे, ती चकोत्री. तितरासारखीच दिसते, पण डोळ्याभोवती लाल आणि शेपूट कोंबडीसारखं उभं. एरवी गुपचूप पळते. जनावर दिसलं की मगच ओरडते."

आज ती आमच्या खोलीमागे ओरडत होती. पाळी बुडवून दार लावून बसलोय. संक्रांतीनंतर माझ्या मंजुषाला आणि पोरीला इकडे पाठवायचं ठरलं होतं, ते सध्या राहू द्या. खोली लहान पडते म्हणून सांगा.

आता आईला मोठ्यानं वाचून दाखवा: आई, काळजी करू नको. इथंही रोज सकाळी पाखरं बोलतात.

तुमचा हिरामण