गोड्या मिरच्या तिखट का झाल्या

प्रिय एमेशे,

घर विकून बुडापेस्टला तुझ्याकडे राहायला कधी येणार, असं तू दर फोनला विचारतेस. त्याचं उत्तर याच पत्रात आहे. पण आधी माझ्या मिरच्यांचं ऐक, कारण हल्ली मला दुसरं काही सुचतच नाही.

महिन्याच्या सुरुवातीला लेचो केला. नेहमीसारखाच, डुकराच्या चरबीत कांदा, मग बागेतल्या गोड्या पिवळ्या मिरच्या, टोमॅटो, शेवटी अंडी. पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी! वाटलं, एखादीच वाईट निघाली असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येक रोपाची एकेक चाखली, तर बहुतेक सगळ्या तिखटजाळ. बी विकतचं नव्हे, गेल्या वर्षी मीच राखलेलं. तुझे बाबा गोडीच्या वाऱ्यालाही तिखट मिरची उभी करत नसत. त्यांची ती बोराएवढी लाल मिरची विहिरीपलीकडे एकटी असायची. मधमाश्यांना कुंपण कळत नाही, त्या तिखटाचे पराग गोडीवर आणतात नि पुढच्या वर्षीचं बी तिखट निघतं, म्हणायचे. रविवारच्या सूपबरोबर एक कचकन चावायचे, लालबुंद व्हायचे आणि आपण दोघी हसायचो. ते गेल्यापासून मी ती लावलीच नाही. मग हा तिखटपणा आला कुठून?

छडा लावल्याशिवाय मला चैन पडेना. उजवीकडच्या मार्गितला विचारलं, तर म्हणाली, "अगं गिझेला, माझ्याकडे कोबी नि बटाटे. तिखट म्हणशील तर माझी जीभ तेवढी." ते खरंच आहे. डावीकडे इग्नात्स, पूर्वी टपाल वाटायचा तो, बायको गेल्यापासून एकटाच राहतो. त्याने सरळ कानांवर हात ठेवले. "मी आणि तिखट? डॉक्टरांनी मला मिरीसुद्धा बंद केलीय." पण बोलताना माझ्याकडे बघेना. मग एका रविवारी तो चर्चला गेल्यावर मी, या वयात, बादली पालथी घालून तिच्यावर चढले आणि कुंपणावरून डोकावले. त्याच्या घेवड्याच्या वेलांमागे, अगदी आपल्या कुंपणाला खेटून, बोराएवढ्या लाल मिरच्यांची ओळ! बाबांचीच जात.

तेवढ्यात चर्चमधून लवकर परतलेल्या इग्नात्सचा मागून आवाज आला, "उतर खाली. पडलीस तर तुझी लेक माझा जीव घेईल." मी उतरले नाही. वरूनच विचारलं, डॉक्टरांनी बंद केलंय ना, मग ही कुणासाठी? तो हातातली टोपी फिरवू लागला. मग म्हणाला, "तुझा नवरा गेला आणि तुझ्या टेबलावरून ही उठली. वाटलं, कधी तुला आठवण आली तर कुंपणावरून देता येईल. गेल्या वर्षीही लावली होती. द्यायचा धीर झाला नाही." मी म्हटलं, "मूर्खा, तुझ्याआधी मधमाश्यांनीच आणून दिली की!" आणि हसता हसता मला रडूच आलं.

तेव्हापासून तो दुपारी जेवायला येतो. आंबट सायीतली भोपळ्याची भाजी केली तर म्हणतो, शेपू कमी पडला. मी म्हणते, तुझे टोमॅटो पाणचट. मार्गित कान टवकारून कुंपणाशी उभी असते, तिला ताकास तूर लागू देत नाही. त्याला मी काय काय विचारत असते, लहान मुलीसारखी. एवढी वर्षं शेजारी असून या माणसाबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं, याचंच नवल वाटतं.

एमेशे, परवा त्याने मला लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. घर विकायचं नाही. बाबांच्या खुर्चीवर तो बसत नाही, येताना स्वतःच्या घरून स्टूल घेऊन येतो. तुला आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण तू नको म्हणाली असतीस आणि मी तुझं ऐकलं असतं. आता मात्र तुझीच भीती वाटते आहे, म्हणून फोन न करता लिहिते आहे. रविवारी ये. हवं तर त्याच्याशी भांड, माझ्याशी भांड, पण ये.

वाट पाहणारी,
तुझीच आई