गोमा चिंधूंच्या आठ वह्या

प्रिय आबा,

तुमचं वर्षश्राद्ध झालं, रडूनही झालं. आज लिहितेय, कारण आज मी सूड उगवला. तुम्हाला तो मुळीच आवडणार नाही, ठाऊक आहे मला!

ते प्राध्यापक आठवतात? पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी बेडशाच्या आपल्या वाडीवर यायचे ते. तुम्ही रानातला एकेक औषधी पाला, मुळी दाखवायचात. तुमची बोली त्यांना कळेना, म्हणून वही माझ्या हातात. सातवीत होते मी. तुम्ही सांगायचं, मी लिहायचं, "आबा म्हणतात, ही साल तापावर." अशा आठ वह्या भरल्या.

शेवटी त्यांनी नाव विचारलं, तर तुम्ही हात जोडलेत. "नगं सायेब. औषद देनाऱ्यानं आपलं नाव लावू न्हाई, गुन जातो." वाडीची रीतच ती. साहेबांनी लगेच मान डोलावली आणि पुठ्ठ्यावर स्वतःचं नाव घातलं. केवढी सोय केलीत हो त्यांची!

पुढं मी पुण्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात लागले. तुम्ही एकदा आलात, त्यांचं छापील पुस्तक हातात घेतलंत आणि हळूच विचारलंत, "यात म्या कुटं हाय गं?" नाव नको म्हणणारे तुम्ही! मी म्हटलं, "हाय की, पयल्याच पानावर." आबा, खोटं बोलले मी. आत फक्त 'एक अडाणी वनवासी' होता. 

गेल्या महिन्यात त्याच वह्या त्यांनी आमच्या ग्रंथालयाला देणगी दिल्या. हार, फोटो, "माझं आयुष्यभराचं संशोधन" वगैरे. आणि त्यांची यादीतली नोंद-कार्डं लिहायची कुणी? मीच!

आज मी वही तशीच ग्रंथपालांच्या टेबलावर नेली, शेजारी माझ्या हातचं एक कार्ड ठेवलं. अक्षर एकच. पानोपानी 'आबा म्हणतात'. बराच वेळ ते पानं उलटत राहिले. मग विचारलं, "हे आबा कोण?"

"माझे वडील."

"मग लेखकाच्या जागी त्यांचं नाव लिहा."

लिहिलं. गोमा चिंधू, बेडसे. साहेबांचं नाव खाली बारीक, देणगीदार म्हणून. काय गार वाटलं म्हणून सांगू!

गुण जाईल म्हणता? त्यांच्या पुस्तकातून खुशाल जाऊ दे. वाडीवर कुणाला पाला देते तेव्हा मी अजूनही नाव सांगत नाही, तुमची शपथ.

सोमवारी साहेब नव्या पुस्तकासाठी वह्या बघायला येणार आहेत. मागणीच्या चिठ्ठीवर लेखकाचं नाव लिहिल्याशिवाय आमच्याकडे वही मिळत नाही, आणि खिडकीवर मी असणार. ते सवयीनं स्वतःचं नाव लिहितील. मी चिठ्ठी परत सरकवीन. "साहेब, कार्डात बघून लिहा."

वचन देते आबा, त्यांच्या हातानं तुमचं नाव पुरतं लिहून होईपर्यंत वही जागची हलणार नाही. एक अनुस्वार राहिला तरी कोरी चिठ्ठी देईन.

तुमचं सांगणं लिहून घेणारी,
सखू