बळी दोन महिने चालत येतो

द्रौपदीअक्का, तुझ्या नंदूचा नमस्कार.

परवा फोनवर तू पुन्हा तेच म्हणालीस, तिकडं काय राज्य मिळालंय म्हणून येत नाहीस. अक्का, राज्य नाही, इंग्लंडातल्या स्लाऊचं गोदाम आहे. तीन वर्षं मी काही हौसेनं राहिलो नाही. फोनवर भांडण होतं म्हणून लिहितोय.

माझ्यासोबत शाजी आहे, केरळचा. काल त्यांचा ओणम होता. कँटीनमध्ये त्यानं फुलांची रांगोळी काढली. म्हणाला, आज आमचा राजा प्रजेला भेटायला येतो. त्याच्या राज्यात सगळे सारखे, मापात पाप नव्हतं. देवानं त्याला पाताळात घातलं, तेव्हा त्यानं वर्षातून एक दिवस घरी यायची सुट्टी मागून घेतली.

मी म्हटलं, अरे, हा तर आमचा बळी. भाऊबीजेला तू ओवाळताना म्हणतेस ना, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. लहानपणी मी विचारायचो, तो येतो कुठून? तू म्हणायचीस, गप बस, दिवा विझेल.

शाजी म्हणाला, "तुमची दिवाळी दोन महिन्यांनी ना? मग आमच्याकडून चालत येत असेल."

तेव्हापासून बसमध्ये डोळा लागला की तो दिसतो. ताडपानाची छत्री घेऊन तुरीच्या कडेकडेनं आपल्या गावाची वाट विचारत चाललेला.

दाजींचा खोकला थांबला का? माझी पाठ आता बरी आहे. साहेबानं सुट्टी दिली नाही, पण काम काय, दुसरं मिळेल.

भाऊबीजेला पाट दोन मांड, एक माझा, एक त्या चालत येणाऱ्याचा. तिकीट काढलंय, म्हणून या खेपेला तीन हजारच पाठवतोय.