राफाएलचं परमिट

मंगळवार, मार्च २०२२. अल नस्र, घरी

आज राफाएलचं दुरुस्तीच्या कामाचं परमिट तिसऱ्यांदा परत पाठवलं. गॅस तपासल्याची वेळ लिहिली नव्हती; नियम माझ्या बाजूने होता. आधी दोनदा मात्र अक्षर लागत नाही म्हणून. ते खोटं होतं. मग इतकं बरं का वाटतंय?

देश मोडला म्हणून व्हेनेझुएलाहून रास लफानच्या या गॅस प्रकल्पावर आला, तेव्हा हाच आमच्या टेबलावर माझ्या बायकोच्या, वंदनाच्या हातचं थालीपीठ मागून खायचा. ‘ब्रदर’ म्हणायचा. मग त्याला गोऱ्यांचा पगाराचा ग्रेड मिळाला आणि त्याने टेबल बदललं. इथे कोण गोरा, हे एचआर ठरवतं. माझी सतरा वर्षं, पण पासपोर्ट भारतीय. परवा मीटिंगमध्ये म्हणाला, “तुम्हा इंडियन्सना फक्त कागद कळतात.” साहेब हसले.

मग घे कागद!

दुपारी डबा उघडला तर हा समोर. “ब्रदर, सही कर ना. वर्ल्ड कपच्या आत युनिट चालू झालं नाही, तर मला घरी पाठवतील. घर कुठे आहे मला?” नजर थालीपिठावर.

“वेळ लिही, मग बघू.”

डब्यात दोन थालीपिठं होती. त्याच्यासमोर दोन्ही खाल्ली. दुसऱ्या थालीपिठाची भूक नव्हती.